तासलेलं पोलकं

ऊर्जानगरच्या गेटासमोर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते तेव्हा मोबाईलवर माझी माय उघडी आली. दुसरा शब्द मला सापडला नाही, अजूनही नाही. उघडी. कमरेला गुडघ्यापर्यंतचं लुगडं, खांद्यावर पदराची नुसती दोरी, आणि मधे सिमेंटची छाती, तांब्याचा रंग मारलेली. हातात बांबू. मागे तालुक्याच्या बसस्टँडचा फलक. खाली माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, विनोदनं, लिहिलं होतं, ‘बाई, आपली माय अमर झाली.’ वीजकेंद्राच्या राखेचा ट्रक बाजूनं गेला, तोंडावर नेहमीची राख बसली, आणि मी तोंड पुसायचं सोडून मोबाईल पुसला. शेजारच्या क्वार्टरमधली बाई म्हणाली, “काय आलं वं एवढं? कोनी गेलं का?” मी म्हटलं, “जाऊन त चार वर्सं झाली.” बस आली, मी चढले. दवाखान्यात दिवसभर इंजेक्शनं दिली, सलाईनं लावली. दुपारी एका म्हातारीची छाती तपासायची होती, डॉक्टर म्हणाले, सिस्टर, पडदा ओढा. मी पडदा ओढला आणि पडद्याच्या आतच मला रडू फुटलं. म्हातारीला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. ती माझा हात धरून म्हणाली, “रडू नोको वं माय, मी जगली तेवढी पुरे झाली.”

संध्याकाळी विनोदला फोन लावला. मागे डफ वाजत होते, पोरं ओरडत होती, त्याचा आवाज एखाद्या लग्नघरातून यावा तसा येत होता. मी म्हटलं, मायच्या अंगात पोलकं कुठी आहे? तो म्हणाला, “काय?” मी परत विचारलं. मग तो बाजूला गेला असावा, डफ कमी झाले, आणि तो म्हणाला, “फोटो त तूच पाठवला होता ना, बाई.” हे खरं होतं. मी फोन ठेवला आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाताना पाहत उभी राहिले. फोटो मीच पाठवला होता. फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला, मायचा पुतळा करून राह्यलो, समाजाच्या संघटनेनं ठराव घेतला, मिस्त्रीला चेहऱ्यापुरता एखादा फोटो दे. चेहऱ्यापुरता. हा त्याचा शब्द. माझ्याकडे मायचे दोनच फोटो. एक मतदानाच्या कार्डावरचा, त्यात माय म्हणजे काळा डाग आणि डागाखाली फुलांचं पोलकं. दुसरा तो. तो मी ट्रंकेत, माझ्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटाखाली, घडी करून ठेवला होता, नवऱ्यालाही कधी दाखवला नव्हता. मी दोन्हींचे फोटो काढले आणि पाठवून दिले. भाऊ आहे म्हणून. भावाला आईचा चेहरा पाहिजे म्हणून.

त्या दुसऱ्या फोटोत कडेला जरा सावली आहे, बारीक, वाकडी. ती मी. तेव्हा मी सात वर्षांची. गावात जीप आली होती, तिच्यातून एक साहेब उतरला, गोरा, टोपीवाला, बोलायला भला. त्याला बायांचे फोटो पाहिजे होते. शाळेच्या गुरुजीनं मधे पडून सांगितलं, साहेबाला असली, अस्सल बाई पाहिजे, पोलक्यावर नाही पाहिजे. गावातल्या लग्न झालेल्या बायांत पोलकं होतं एकट्या माझ्या मायच्या अंगात, आणि साहेबानं बोट नेमकं तिच्यावरच ठेवलं. चेहरा आवडला त्याला. माय नाही म्हणाली. मग बाप म्हणाला, काढ ना, साहेब आहे, रस्त्यासाठी शब्द टाकील. मग गुरुजी म्हणाला. मग चार बाप्ये म्हणाले. मायनं पाठ फिरवली, पोलकं काढलं, माझ्या हातात दिलं आणि समोर वळली. मी ते दोन्ही हातांत धरून बाजूला उभी होते, गरम होतं ते, घामाचं, आणि मला कळत नव्हतं की माझ्या मायच्या तोंडाला काय झालं. असं तोंड मी आधी पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाला, वा. दोनदा म्हणाला. रस्ता आला नाही. बारा वर्षांनी नागपूरला नर्सिंग शिकताना एका मोठ्या डॉक्टरच्या खोलीत सही घ्यायला गेले तर भिंतीवर कॅलेंडर, मे महिना, आणि मे महिन्यावर माझी माय. खाली छापलेलं, ‘वनकन्या’. डॉक्टर सही करता करता म्हणाले, डोळे बघ, काय आग आहे. मी म्हटलं, हो सर. दुसऱ्या दिवशी खोली झाडणाऱ्या मावशीला मदत करते सांगून आत शिरले आणि मे महिना फाडून आणला, तोच हा दुसरा फोटो. उरलेलं वर्ष त्या डॉक्टरनं मेशिवाय काढलं असेल.

आणि ते पोलकं मायच्या अंगात कुठून आलं, हे सांगितल्याशिवाय मी का जळते हे कोणाला कळणार नाही. आमच्या भागात पोरगी लग्नाआधी पोलकं घालते. शाळेत जाते, बाजाराला जाते, घालते. लग्न लागलं की निघतं, आणि मग मरेपर्यंत अंगात येत नाही. देवाचा नेम आहे म्हणतात. देवानं कोणत्या पुरुषाचं काय काढायला सांगितलं हे मात्र कोणी सांगत नाही. माझी माय सोमारी लग्नानंतर नऊ वर्षं तशीच होती. मग बांबूच्या कामाचा हिशेब विचारायला तालुक्याला जायला लागली, बसस्टँडवर उभी राहायची, आणि चहाच्या टपरीवरचे लोक पेपर खाली ठेवून बघत बसायचे. एक दिवस ती पोलकं घालूनच परत आली. शिवलेलं, बाह्यांना काठ असलेलं. गावानं बैठक बसवली. आमचा गायता, म्हणजे गावाची पूजा आणि न्याय दोन्ही पाहणारा, मुखरू त्याचं नाव, त्यानं दंड लावला, एक डुक्कर आणि मोहाची दारू. मायनं दिला. दुसऱ्या दिवशी पोलकं घालून विहिरीवर गेली. परत दंड. परत दिला. नव्या भाताच्या सणाला, पंडुमला, आमच्या घरी प्रसाद आला नाही, आम्ही दोघं भावंडं दारात बसून दुसऱ्यांच्या घरचा धूर बघत होतो. विनोद तेव्हा तीन वर्षांचा, मागायला लागला, तर मायनं त्याला मांडीवर घेऊन उकडलेला कांदा दिला. त्याला हे आठवत नाही. कांदा कोणाला आठवतो. पुढं एकेक करत सगळ्या बायांनी पोलकं घातलं, आणि त्याच बाया घेऊन ती कचेरीसमोर नऊ दिवस बसली, तेव्हा कुठं बांबूचा हक्क गावाला मिळाला. सगळे सांगतात बांबूचं. पोलकं कोणी सांगत नाही. माझ्या लग्नात मांडवात माझ्या अंगातलं पोलकं काढायला आलेल्या बाईला माय म्हणाली होती, “हात लाव आन् पाह्य.”

तिसऱ्या दिवशी कळलं की तालुक्यातल्या लोकांनी पुतळ्यावर चादर टाकली. पुतळा हटवा म्हणून निवेदन दिलं. संघटनेनं चादर फाडली. पुन्हा कोणी टाकली. शुक्रवारी चौकातच सगळ्यांची सभा ठरली, ठाणेदार येणार. मी सुटी टाकली. सकाळच्या गाडीत बसले, मूल, गडचिरोली, पुढं जंगल. मला तेव्हाही वाटत होतं की चूक झाली असणार. मिस्त्री परका, त्याला काय माहीत, त्यानं जसा फोटो तसा पुतळा केला. विनोद कामाच्या गडबडीत. मनाला मी असं थोपटत होते, जसं झोपत नसलेल्या पोराला थोपटतात, आणि ते पोर मधेच डोळे उघडून बघत होतं. विनोदला मी शिकवलं. माझ्या पहिल्या पगारातून त्याला बूट घेतले तेव्हा तो बूट घालूनच झोपला होता. तो मायला असं करणार नाही. चूक आहे, दुरुस्त होईल.

चौकात उतरले तर पुतळा चादरीखाली, फक्त पाय दिसत होते. पाय चांगले केले होते. पायाशी, चौथऱ्याच्या सावलीत, एक माणूस अवजारांची पिशवी घेऊन बसला होता, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. ब्रह्मपुरीचा नवाब मिस्त्री. विनोदनं त्याला बोलावून ठेवलं होतं, जो ठराव होईल तो आजच उरकायला. मी म्हटलं, मी सोमारीची पोरगी. तो उठून उभा राहिला. “बसा बाई, बसा. तुमच्याच माय का?” मग इकडंतिकडं बघून म्हणाला, “मले शिव्या नका देऊ. चेहरा मी करतच नाई. चेहरा आमचा दुसरा कारागीर करते. मी कपडा करतो. पुतळ्याचा कपडा म्हनलं का पंधरा गावचे लोक मलेच बोलावते. चुन्या, काठ, गाठ, पाहून घ्या कुठीबी.” मी म्हटलं, मग इथला कपडा कुठी गेला, भाऊ? मग त्यानं चादरीचा कोपरा उचलला, फक्त खांद्यापुरता, बाई आहे म्हणून तेवढाच. “हात लावा,” म्हणाला. मी लावला. बाकी दंड गुळगुळीत होता, कोपराच्या वर चार बोटं जागा खरखरीत, छिन्नीचे दात उठलेले, वर रंगाचा हात मारून दाबलेले. खांद्यावरही तेच. “मी त पोलकं केलतं,” नवाब म्हणाला. “त्या कार्डावरच्या फोटोवरून. फुलं काढली होती एकेक, बाहीले काठ देल्ला होता. तुमचे भाऊ आले पाहाले. म्हने, हे काय? तासा हे. मी म्हटलं, साहेब, अच्छा खासा बना है, काऊन तासू? म्हने, असली पाहिजे.”

असली. छत्तीस वर्षांनी तोच शब्द, माझ्या भावाच्या तोंडून, सिमेंटच्या बाईसाठी. मला राग आला म्हणायला पाहिजे, पण आधी आली ती लाज, खरखरीत जागेवर हात ठेवून उभी असताना बोटांतून चढत गेली, जसं काही मीच आत्ता ते तासत होते. नाही, तासतानाही मी शेजारीच उभी असणार. एकदा तर मी पोलकं हातात धरून उभी होतेच. फोटो पाठवताना परत. चूक नव्हती. विनोदनं पोलकं पाहिलं होतं, फुलं पाहिली होती, बाहीचा काठ पाहिला होता, आणि एक माणूस उभा करून ते आईच्या अंगावरून छिन्नीनं काढून घेतलं होतं. आणि मग मला लिहिलं होतं, अमर झाली.

सभा अकराची, सुरू झाली बाराला. एका बाजूला तालुक्याचे लोक, व्यापारी, मास्तर, महिला मंडळ. दुसऱ्या बाजूला आपले, पिवळे गमछे. बाया सगळ्यात मागं, दोन्हीकडच्या. महिला मंडळाची उर्वशीताई पहिली उठली, बांगड्यांचं दुकान आहे तिचं. “आमच्या पोरी इथूनच कॉलेजले जाते. पोट्टे या पुतळ्यासंग फोटो काढून राह्यले, कसे काढते ते मी तोंडानं सांगू काय? तुमची माय असन, आमाले मान आहे, पन तिले जंगलातच ठेवा ना, इथी कायले?” पिवळ्या बाजूनं आरडाओरडा. मग विनोद उठला. चांगला बोलतो तो. माझ्यापेक्षा चांगला. तो म्हणाला, “तुमच्या देवळाच्या भिंतीवर उघड्या बाया चालते, आमची माय नाई चालत? हे आमची संस्कृती आहे. आमच्या बायांनी कधी लाज झाकली नाई, कारन आमच्या नजरेत लाज नव्हती. पोलकं तुमी आनलं. तिचे डोळे पाहा, ते डोळे तुमाले जाब विचारून राह्यले!” आणि दोन पोरांनी चादर ओढली. टाळ्या. डोळे खरंच केले होते हुबेहूब. चेहरा करणाऱ्यानं काही सोडलं नव्हतं. मी सात वर्षांची होते तेव्हा बघितलेलं ते तोंड चौकात बारा फुटांवर उभं होतं आणि खाली दोनशे लोक त्याला टाळ्या देत होते.

मी उठले. बोलायचं ठरवलं नव्हतं, पाय उठले. मी म्हटलं, “त्या डोळ्यांत काय आहे, मले विचारा. मी तिथी होती. चार बाप्यांनी तिच्या अंगातून पोलकं काढाले लावलं, तवाचं तोंड आहे थे. थो जाब यायले नाई विचारत, विनोद, तुले विचारते.” मी माडियात म्हटलं हे, आमच्या घरच्या बोलीत. तो मराठीत बोलला, सगळ्यांना ऐकू जावं असं. “बाई, तू बस. तू आता सात देवाची आहे. माय सहा देवाची होती, आमच्या घरची. हा आमच्या कुळाचा मामला आहे.” हा आमचा जुना नेम, कुळाच्या देवांची गिनती, बाई लग्न होऊन जाते तेव्हा तिचे देव बदलतात. मी मराठीत म्हटलं, “लग्नात बाईचे देव बदलते, नाव बदलते, पोलकं निघते. बाप्याचं काय निघते, विनोद?” मागं बसलेल्या बाया हसल्या, दोन्हीकडच्या. उर्वशीताई पण हसली, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडाला रुमाल लावला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मुखरू गायता काठीवर उठला. नव्वदीला आलेला, कानानं जरा कमी. तो म्हणाला, “पोरगी खरं बोलते. दंड म्या लावला होता. तिसऱ्या खेपेला सोमारी डुक्कर घेऊन आली, आन् पोलकं घालूनच आली. मले म्हने, बाबा, हे खाऊन घ्या, उद्या परत घालीन. म्या तवाच हारलो.” तो पुतळ्याकडे वळला, डोळे बारीक केले. “हे ते बाई नोहे.” विनोदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं, आणि त्याला खाली बसवलं. “आजोबाले आता आठवत नाई बराबर,” तो माईकवर म्हणाला. आख्ख्या चौकात एकट्या त्या म्हाताऱ्याला आठवत होतं, आणि तो तिचा वैरी होता.

ठाणेदाराला गर्दी जेवायच्या आत मोकळी करायची होती. तो म्हणाला, मधला मार्ग काढा. आणि मार्ग निघाला, पटकन. दहा मिनिटांआधी एकमेकांचे गळे धरणारे लोक चौथऱ्याला टेकून मान हलवायला लागले. वर्षभर पुतळ्याला साडी नेसवायची, अंगभर. नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, एक दिवस काढायची. एक दिवस तुमची संस्कृती, बाकी दिवस आमच्या पोरी. उर्वशीताई म्हणाली, साडी मंडळाकडून. विनोद म्हणाला, मान्य. टाळ्या झाल्या, दोन्हीकडून. म्हणजे दरसाली एकदा तिचं लुगडं सोडणार, डफ लावून. मी ओरडले, “मायले खाली उतरवा!” कोणी वळलं नाही. मी परत ओरडले, “मंग नाव काढा! ठेवा हे बाई, नेसवा, सोडा, काय करायचं ते करा. पन खाली माझ्या मायचं नाव नोको. सोमारी नोको.” आता शांत झालं. मला वाटलं, हे तरी लागलं. नावाशिवाय पुतळा कशाचा? नाव काढा म्हटल्यावर तरी तो थांबेल, म्हणेल, बाई, एवढं नोको करू. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तोंडावर काय आलं सांगू? सुटका आली. तो बाजूच्या दोघांशी बोलला, ठाणेदाराशी बोलला, आणि मला म्हणाला, हळू, गोड, जसं शाळेत असताना बूट मागायला बोलायचा, “चालते ना बाई. तसंबी संघटनेत काही लोकाइचं म्हननं होतं का एका घरचं नाव काऊन. ‘आदिवासी माता’ लिहून देतो. तुझ्या मनासारखं झालं ना आता?”

नवाब मिस्त्रीनं पिशवी उघडली. तो माझ्याकडे बघत नव्हता. छिन्नी लावली, हातोडी मारली, ‘सो’ उडाला, मग ‘मा’, मग ‘री’. सिमेंट ओलंच होतं आतून, ठिसूळ, सहज निघत होतं. मी बघत उभी राहिले. त्यांना माय नकोच होती. कधीच नको होती. त्यांना एक अंग पाहिजे होतं, उंच, उघडं, रागातलं, ज्याच्यावर काहीही लिहिता येतं. ते त्यांना मिळालं. साहेबालाही तेवढंच पाहिजे होतं, पण साहेबानं निदान आई म्हटलं नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. शेजारी गावाकडची एक म्हातारी आणि तिची सून बसल्या, सुनेच्या हाताला अजून लग्नाची हळद. गाडी चौकातून वळली तेव्हा मंडळाची हिरवी साडी पुतळ्याला गुंडाळायचं काम चालू होतं, अर्धी झाली होती. म्हातारीनं हात जोडले, जोहार म्हणाली. सुनेनं विचारलं, “कोन हे?” खाली नाव नव्हतं, तरी म्हातारी म्हणाली, “सोमारीबाई. बांबूवाली.” सून वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पोलकं काऊन नाई तिले?” म्हातारी म्हणाली, “जुनी बाई होती ना. तिनं कवाच नाई घातलं.” मी म्हटलं, “घालत होती.” दोघी माझ्याकडे वळल्या. म्हातारीला राग आला नाही, नवल वाटलं. “तुमी पाह्यली होती का? तुमी कोनाच्या?” कोणाच्या, म्हणजे कोणत्या देवाच्या, कोणाच्या घरच्या, कोणाची बायको. आमच्याकडे बाईला हेच विचारतात. मी म्हटलं, “सोमारीची.” तिनं मागं, हिरव्या साडीकडे, बोट केलं. “हिची?”

“नाई,” मी म्हटलं. “पोलक्यावालीची.”